कंट्रोलचा तांदूळ, शाळेची खिचडी आणि लेकराचे वजन



गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला भाताविषयी नवे काय सांगणार? रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून ज्याने परे लावले, त्याला तांदळाचा दाणा चिमटीत धरून त्याची जात ओळखता येते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. आठही तालुक्यांत धान पिकतो आणि गोंदिया शहराचे नाव निघाले की राईस मिल आठवते. अशा धानाच्या मुलखात लेकरांच्या लठ्ठपणाविषयी बोलायला घेतले, तर तुम्ही म्हणाल, “अहो, आमची अंगणवाडीताई दर महिन्याला कमी वजनाच्या लेकरांची यादी करते. लठ्ठ लेकरांची गोष्ट मुंबई-नागपुरात सांगा.”

हा आक्षेप रास्त आहे, म्हणून आधी आकडे पाहू. २०१९ ते २०२१ या काळात पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० लेकरांपैकी सुमारे ३५ लेकरे वयाच्या मानाने बुटकी आढळली, ३६ वयाच्या मानाने कमी वजनाची आणि २५-२६ उंचीच्या मानाने रोड. म्हणजे भूक संपलेली नाही, हे पहिले. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. २०१५-१६ च्या पाहणीत उंचीच्या मानाने जादा वजनाची लेकरे शेकडा १.९ होती, ती या वेळी शेकडा ४.१ झाली. चार हा आकडा लहान खरा, पण इतक्या थोड्या वर्षांत तो दुपटीहून वर गेला. आणि अंगात रक्त कमी असलेली लेकरे? तीही वाढली: शेकडा ५४ वरून ६९.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. बुटकेपणा आहे, रक्त कमी आहे आणि वजनही चढू लागले आहे. हे गरिबाचे एक आणि श्रीमंताचे एक, असे वेगळे आजार असते तर गोष्ट सोपी होती. पुष्कळदा ते एकाच गावात, एकाच घरात, कधी कधी तर एकाच लेकरात असतात. जगभरही हेच चालले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात युनिसेफने सांगितले की, ५ ते १९ वर्षांच्या मुलांत कमी वजनाच्या मुलांपेक्षा लठ्ठ मुलांची संख्या जगात प्रथमच जास्त झाली. कमी वजनाची शेकडा ९.२ आणि लठ्ठ शेकडा ९.४.

एकाच लेकरात दोन्ही कसे असतील, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एक मुलगी बरोबर चार वर्षांची आहे. तिचे वजन १६ किलो भरले. या वयाच्या मुलीचे मध्यम वजन साधारण तेवढेच असते. वजनाची नोंद पाहून कोणीही म्हणेल, पोरगी छान आहे. पण आता तिची उंची मोजा. ती ९० सेंटीमीटर भरली तर? चार वर्षांच्या मुलीची मध्यम उंची सुमारे १०३ सेंटीमीटर असते आणि ९४ च्या खाली गेली की मुलगी खुजी धरतात. म्हणजे ही मुलगी खुजी आहे. शिवाय ९० सेंटीमीटर उंचीला १२-१३ किलो वजन शोभते, १६ किलो म्हणजे जादा. नुसत्या काट्याने जिला निरोगी ठरवले, ती फुटपट्टी लावताच एकाच वेळी कुपोषित आणि जादा वजनाची निघाली. दिसते तसे नसते, म्हणतात ते हे असे. म्हणून वजनासोबत उंची मोजल्याशिवाय लेकराविषयी काही बोलू नये.

आपल्याकडे बाळसे धरलेले पोर म्हणजे घराची शोभा. आजी कौतुकाने गालाला हात लावून म्हणते, “कसं गुटगुटीत झालंय!” पूर्वी गावोगाव सुदृढ बालक स्पर्धा होत, तेव्हा बहुधा सर्वांत लठ्ठ पोराला बक्षीस मिळे. २०२२ साली अंगणवाड्यांतून ‘स्वस्थ बालक-बालिका स्पर्धा’ भरवली गेली. तिच्यात वय, उंची आणि वजन यांचा मेळ पाहिला गेला. हा बदल चांगला झाला. आता तो घरोघरी उतरायला हवा.

या गोष्टीचे मूळ जन्माच्याही आधीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे होते साडेतीन किलो. आपली बाळे सगळ्या बाजूंनी लहान, हे तर दिसतच होते. पण बारकाईने मोजल्यावर कळले की, त्यांचे स्नायू आणि अवयव कमी भरलेले आहेत, चरबी मात्र त्या मानाने तितकी कमी नाही. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार, असे हे बाळ. असे मूल पुढे भराभर वजन घेऊ लागले की त्याला साखरेचा आजार लवकर गाठू शकतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणी ज्या बाया हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर खात-पीत, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. नुसत्या पोटभर भाताने जे साधत नाही, ते पालेभाजीच्या जुडीने थोडेफार साधते, असा याचा अर्थ.

आता आपल्या गावात सरकारी मदतीने काय काय अन्न येते ते पाहू. पहिले कंट्रोलचे दुकान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याच्या वाटपावर सरकारने नियंत्रण घातले, तेव्हापासून ‘कंट्रोल’ हा शब्द आपल्या तोंडी बसला. २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. या कायद्याने धान्य हा उपकार राहिला नाही, तो हक्क झाला. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढच्या पाच वर्षांसाठी तसेच ठेवले गेले. कामासाठी नागपूरला किंवा हैदराबादेला गेलेल्या मजुरालाही त्याच शिधापत्रिकेवर तिथल्या दुकानात धान्य उचलता येते.

दुसरी अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आज खेड्यापाड्यांतून अंगणवाडी आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या लेकराला ताजा शिजवलेला. अन्नसुरक्षा कायद्याने या आहारात लेकराला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरवले. उष्मांक म्हणजे शरीराला चालवणारे इंधन आणि प्रथिने म्हणजे शरीर बांधणारा गिलावा-विटा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

तिसरी शाळेची खिचडी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही योजना देशात सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे पोरे महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घालून घरी नेत. तो तांदूळ घरच्या डब्यात मिसळून जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला आणि शाळेत चूल पेटली. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे प्रमाण ठरले. २०२१ पासून या योजनेला पीएम पोषण असे नाव आहे.

चौथी योजना आदिवासी भागापुरती, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. २०१५ साली ती सुरू झाली. देवरी-सालेकसाकडच्या बायांना ती ओळखीची असेल. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण आणि पुढे लेकरांनाही अंडी किंवा केळी, अशी तिची योजना आहे. या चारही योजनांत ताटाचा विचार सर्वांत नेटका कुठे झाला असेल तर तो इथे. भात आहे, पोळी आहे, डाळ आहे, भाजी आहे, शेंगदाण्याचा लाडू आहे आणि अंडेही आहे.

आता थोडा हिशेब करू. शिक्षक मित्रांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा, गणिताचा तासही होईल आणि आरोग्याचाही.

चार ते सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला सुमारे १,३५० उष्मांक लागतात. कंट्रोलचे महिन्याचे पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम धान्य. त्यातून पावणेसहाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. अंगणवाडीतून मिळाले ५००. बेरीज झाली १,०७५. राहिले किती? पावणेतीनशे. हा हिशेब कागदावरचा आहे, घरात तांदूळ असा माणशी मोजून शिजत नाही आणि राबणाऱ्या बापाला लेकराच्या दुपटीने लागते, हे खरे. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लेकराच्या इंधनाची बरीचशी सोय धान्याने होते. उरलेल्या पावणेतीनशे उष्मांकांच्या जागेत दूध, डाळ, पालेभाजी, अंडे, मासा, फळ हे सगळे बसायचे असते. रक्त वाढवणारे, हाड लांबवणारे, डोळे राखणारे जे काही आहे, ते बहुतेक सारे याच लहानशा जागेतून येते.

आणि नेमक्या या जागेवर हल्ली कोण येऊन बसले आहे? तळलेले, तिखट-मीठ लावलेले पाकीट. असल्या पाकिटात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके तेल असते. ५० ग्रॅमचे एक पाकीट फोडले की अडीचशे ते पावणेतीनशे उष्मांक पोटात गेले. जागा भरली! लेकरू आता दोनपैकी एक करते. एक तर पोट भरल्यामुळे वरणभाजीला हात लावत नाही, मग वजन तेवढेच राहते पण रक्त आटते. नाही तर पाकीटही खाते आणि जेवतेही, मग वजन चढते. वर एक थंड पेयाची बाटली प्यायली की पाव लिटरात पाच-सहा चमचे साखर गेली. एकच पाकीट एका घरात रोडपणा आणते आणि शेजारच्या घरात लठ्ठपणा. म्हणून मघाशी म्हटले, हे दोन वेगळे आजार नाहीत.

तुम्ही म्हणाल, आईबापांना कळत नाही का? कळते. पण गावातल्या दुकानाचा कारभार पाहा. सालेकसा-देवरीकडच्या कितीतरी गावांना आठवड्यातून एकदाच बाजार. बाजाराच्या दिवशी आणलेला पालक-चवळी दोन दिवस टिकते, भेदरे चार दिवस. मग पुढच्या बाजारापर्यंत घरात आलू आणि कांदा. किराणा दुकानदार भाजी ठेवत नाही, कारण ती सडली तर तोटा त्याचा. पाकीट मात्र महिनोन् महिने टांगून ठेवता येते, त्याला बर्फ लागत नाही, पाच रुपयांना मिळते आणि शाळेच्या वाटेवर मिळते. सकाळी रोवणीला जाणारी माय लेकराच्या हातावर पाच रुपये ठेवते, तेव्हा त्या पाच रुपयांत त्या दुकानात दुसरे काय मिळते, हा प्रश्न आहे. दोष मायचा नाही. तिच्यापुढे जे मांडून ठेवले आहे, त्यातूनच ती निवडते.

सरकारी धान्याचेही असेच आहे. सरकार आधारभूत किमतीने जे खरेदी करते, तेच कंट्रोलमध्ये येते. खरेदी केंद्रावर आपला धान जातो, गिरणीत त्याची भरडाई होते आणि तांदूळ होऊन तो दुकानात परत येतो. यात शेतकऱ्याचाही आधार आहे आणि खाणाऱ्याचाही. पण खरेदी मुख्यतः धान आणि गव्हाची, म्हणून पिशवीतही तांदूळ आणि गहूच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल अशा चार वस्तू होत्या. सणाला गोडधोड हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पिशवीतली वर्षभर लेकराच्या कामी येईल अशी वस्तू कोणती? चणाडाळ.

या बाबतीत परदेशाचा अनुभव उपयोगी आहे. अमेरिकेत १९३९ साली रॉचेस्टर शहरात गरिबांना अन्नाची तिकिटे देण्यास सुरुवात झाली. हेतू दोन होते. शेतकऱ्याचा शिलकी माल खपावा आणि गरिबाच्या घरी चूल पेटावी. आपल्या कंट्रोलसारखेच हे. पुढे तिथल्या गरीब वस्त्यांत लठ्ठपणा वाढला, तेव्हा लोक म्हणू लागले की या वस्त्यांत ताजी भाजी मिळत नाही, मोठे दुकान उघडा. फिलाडेल्फिया शहरात असे दुकान उघडले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की, जवळ दुकान आले हे लोकांना कळले, पण त्यांचे भाजी-फळे खाणे वाढले नाही आणि वजनही बदलले नाही. नुसते दुकान जवळ येऊन भागत नाही, हा एक धडा. दुसरा धडा वेगळा आहे. त्याच देशात गरोदर बाया आणि पाच वर्षांखालची मुले यांच्यासाठी अन्नमदतीची एक निराळी योजना आहे. २००९ साली तिची टोपली बदलली. फळांचा रस कमी केला, भाज्या, फळे आणि अख्खे धान्य घातले. त्या योजनेतल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण २०१० साली शेकडा १५.९ होते, ते २०१६ साली १३.९ वर आले. सगळे श्रेय एकट्या टोपलीला देता येणार नाही. तरी मदत बंद न करता, मदतीतल्या वस्तू बदलून, चढणारा आकडा उतरू लागला हे महत्त्वाचे.

हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयावरून एक चुकीचा अर्थ काढला जाण्याची भीती आहे. “पोरे लठ्ठ होताहेत ना, मग फुकटचे धान्य कशाला?” असे कोणी म्हणेल. ज्या राज्यात शंभरातली पस्तीस लेकरे खुजी आहेत, तिथे धान्याला हात लावणे म्हणजे उपाशी ताटातला घास काढणे. धान्य राहिलेच पाहिजे. त्याच्या जोडीला डाळ, अंडे आणि भाजी आली पाहिजे. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्याला केळे द्यायचे ठरवले होते. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा वेगळा पैसा थांबला आणि ती गोष्ट लोकसहभागावर आली. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. पहिलीतल्या पोराच्या खिचडीत दिवसाला बारा ग्रॅम प्रथिने असावीत असा नियम आहे, त्याच्या निम्मी ही. ज्या लेकराच्या घरी महिनाभर अंडे शिजत नाही, त्याला आठवड्याचे ते एक अंडे फार मोठे होते.

मग आपण काय करावे? मोठ्या गोष्टी सरकारने कराव्यात, त्यासाठी ग्रामसभेने ठराव करून मागणी करावी. पण गावाच्या हातातही पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, मोजमाप. अंगणवाडीत लेकराला नेताना काटा आणि उंची दोन्ही विचारा. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाला ताई जी पट्टी लावते, तिच्यावर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल रंग असतो, साडेअकरा ते साडेबारापर्यंत पिवळा आणि त्यावर हिरवा. लाल आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. शाळेत गुरुजींनी वर्षातून दोनदा उंची आणि वजन घ्यावे. मात्र वर्गात कोणाचे वजन मोठ्याने वाचू नये. “ढोल्या” म्हटलेले पोर लाजेने खेळणे सोडते आणि “काडी” म्हटलेले पोर लाजेने शाळा सोडते. आकडा पालकांना सांगावा, पोरांना नव्हे.

दुसरी गोष्ट, शाळेचा परिसर. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली नियम केला की, शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत. नियम शहरातल्या शाळेला आहे तसाच खेड्यातल्या शाळेला आहे. पण दुकानदार आपल्याच गावचा, त्याचेही पोट आहे. शाळा व्यवस्थापन समितीने त्याच्याशी बसून बोलावे. पाकिटांऐवजी फुटाणे, भाजलेल्या फल्लीच्या पुड्या, मुरमुरे-चणे, केळी, पेरू, मोसमात उकडलेले शिंगाडे त्याने ठेवावेत आणि गावाने ते घ्यावेत. पाच रुपयांत काही बरे मिळू लागले, तर मायचे पाच रुपये कामी लागतील.

तिसरी गोष्ट, खिचडीचे पातेले. पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने अन्न चाखायचे असते. चाखताना चवीबरोबर डाळ किती आहे तेही पाहावे. भाजीसाठी शाळेची परसबाग उत्तम. शेवग्याची दोन झाडे, अंबाडी, चवळी, भेदरे, वांगी आणि कुंपणावर दोडक्याचा वेल, एवढ्याने पावसाळा-हिवाळा निघतो. वाढदिवसाला किंवा पितरांच्या नावाने शाळेत जेवण घालणारी मंडळी गावात असतात. त्यांना जिलेबीऐवजी उकडलेली अंडी किंवा केळी द्यायला सांगा. पुण्य तेवढेच लागेल.

चौथी गोष्ट, आपल्या मातीतले खाणे. या मुलखात एके काळी ताट रिकामे नव्हते. धान निघाल्यावर बांधीत हरभरा, जवस, लाख. पावसाळा लागला की तरोट्याची कोवळी भाजी. बोडीत, मामा तलावात झिंगे, मरळ, कमळाचे कंद. अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजाच्या बायामाणसांनी तलावांतून बेशरम उपटून काढली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि हरवलेले देशी मासे परत आणण्याचे काम केले. तलाव सुधारला तर मजुरी मिळते, हे सगळे जाणतात. तलाव सुधारला तर लेकराच्या ताटात मासळी येते, हेही जाणावे. कंट्रोलचा तांदूळ त्या मासळीसोबत, त्या भाजीसोबत शिजला की पूर्ण अन्न होतो. तांदळातही निवड आहे. अरवा तांदळाला पांढरा करताना कोंड्याबरोबर जीवनसत्त्व ब निघून जाते. उष्णा तांदूळ धान उकडून काढलेला असल्यामुळे त्यातले पुष्कळ दाण्यात मुरून राहते. गिरणीवर स्वतःचा धान नेताना फार पांढरा करू नका, एवढे तरी आपल्या हातात आहे.

पाचवी गोष्ट घरातली. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध आणि दुसरे काही नाही, पाणीही नाही. त्यानंतर मऊ भात-वरण, कुस्करलेली भाजी, अंड्याचा बलक. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालूच नये. रडणाऱ्या लेकराला गप्प करायला बिस्किटाचा पुडा देणे हा सोपा उपाय आहे, पण तो रोजचा झाला की जेवण मोडते. आणि सुनेला, लेकीला गरोदरपणी शेवटी उरलेले जेवू घालू नका. बाळाची हाडे आणि रक्त त्या नऊ महिन्यांत बनते. तिच्या ताटात आधी वाढा.

शेवटी हक्काची गोष्ट. धान्य घेताना यंत्रावर अंगठा लावल्यावर पावती मागा आणि पावतीवरचे किलो पिशवीतल्या किलोशी ताडून पाहा. कमी मिळाले, दुकान बंद राहिले किंवा नाव वगळले गेले, तर गावच्या दक्षता समितीकडे सांगा. १९६७ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही तक्रार नोंदवता येते. अंगणवाडीचा आणि शाळेचा आहार बंद पडला असेल तर तोही कायद्याने दिलेला हक्क आहे, हे विसरू नका.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता, नाली आणि घरकुलाच्या विषयांबरोबर आणखी एक विषय ठेवून पाहा. आपल्या गावातल्या पाच वर्षांखालच्या लेकरांपैकी किती खुजी, किती रोड आणि किती जादा वजनाची? अंगणवाडीताईकडे वही आहे, आकडे आहेत. कोणाचे नाव न घेता ते सभेत वाचले गेले, तर शाळेजवळचे दुकान, परसबाग, तलाव आणि खिचडीचे पातेले या सगळ्यांविषयी बोलायला गावाला आपोआप कारण मिळेल. गुरुजी आणि ताई यांनी मिळून हा विषय मांडावा, अशी विनंती आहे.